शाळेचा रंग आणि मुलांचे मन

वसंत व्याख्यानमालांचे दिवस आणि शाळा रंगविण्याचे दिवस एकच असतात, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. परीक्षा आटोपतात, वर्ग रिकामे होतात, बाके व्हरांड्यात येऊन पडतात आणि रंगारी शिड्या घेऊन आत शिरतात. जूनच्या मध्याला मुले परत येतात तेव्हा भिंतींचा रंग बदललेला असतो. तो कोणी ठरविला, कशावरून ठरविला, हे त्यांना कोणी सांगत नाही. आणि तो तुम्हांला आवडला का, असेही कोणी विचारीत नाही. ज्या खोलीत दिवसाचे पाच-सहा तास, वर्षाचे दोनशेहून अधिक दिवस मूल बसते, त्या खोलीच्या रंगाविषयी त्याला काही वाटत असेल का, आणि वाटत असल्यास त्याचा त्याच्या अभ्यासाशी काही संबंध आहे का, एवढाच आजचा विषय आहे. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. आम्हांलाही तो पुष्कळ वर्षे तसाच वाटत होता.

उदाहरणासाठी आपण दूर जावयास नको. माण घ्या. साताऱ्याकडचा दुष्काळी माण तालुका नव्हे. मुळशी तालुक्यातले, हिंजवडीला लागून असलेले आपले माण. गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत हे भाताच्या खाचरांचे गाव होते. मग राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान नगरी आली, टप्प्याटप्प्याने पसरत माणच्या शिवारात शिरली, आणि पुढे शिवाजीनगरपर्यंत जाणाऱ्या मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेचे एक टोकही माणलाच आले. आज तेथे उभे राहून पाहिले तर एका बाजूस निळसर काचांच्या उंच इमारती, दुसऱ्या बाजूस पत्र्याच्या चाळी व खोल्या, मध्येच एखादे उरलेले खाचर, आणि चैत्रात म्हातोबाच्या बगाडाच्या दिवसांत या सगळ्यावर उडणारा गुलाल. अशा गावात मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगू, बंगाली अशा नाना भाषा बोलणाऱ्या घरांतली मुले येऊन राहिली आहेत. भाषा निरनिराळ्या, घरचे सण निरनिराळे. सर्वांना समाईक असे काही असेल तर ते शाळेच्या चार भिंती.

या भिंती रंगविण्याला अलीकडे पैशाची तितकीशी ददात राहिलेली नाही. कंपनी कायद्याप्रमाणे २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना आपल्या नफ्यातील दोन टक्के सामाजिक कामाकडे वळवावे लागतात. कारखान्यांच्या आणि संगणक कंपन्यांच्या या पट्ट्यात त्या पैशाचा एक ओहोळ शाळांकडे येतो, आणि शाळेत सर्वांत लवकर दिसणारे, छायाचित्रात सर्वांत उठून येणारे काम म्हणजे रंग. शनिवारी तरुण मंडळी बसमधून येतात, हौसेने डबे उघडतात, आणि संध्याकाळपर्यंत भिंतीवर हत्ती, रॉकेट, इंद्रधनुष्य व एक इंग्रजी सुविचार उमटलेला असतो. २०२३-२४ साली राज्य सरकारने ‘माझी शाळा, सुंदर शाळा’ ही स्पर्धा घेतली, तेव्हापासून तर गावोगावच्या मुख्याध्यापकांना रंगाची चिंता अधिकच लागली. या मंडळींच्या सद्हेतूविषयी आम्हांला शंका नाही. पण सद्हेतू हा काही रंगाचा जाणकार नव्हे.

आता थोडे शास्त्राकडे वळू. रंग म्हणजे एकच गोष्ट, असे आपण बोलताना धरून चालतो. वस्तुतः त्यात तीन गोष्टी असतात. एक, तांबडा, पिवळा, निळा अशी जात. दुसरी, त्याचा उजळपणा; तोच निळा आकाशी असेल किंवा रात्रीच्या ढगासारखा असेल. तिसरी, त्याचा भडकपणा. लालभडक आणि मातकट लाल यांची जात एक, पण पाहणाराच्या मनावर होणारा परिणाम दोन. मराठी माणसाला हे शिकविण्याची गरजच नाही. पिवळाधमक, हिरवागार, निळाशार, काळाकुट्ट, लालचुटुक, पांढुरका, तांबूस, असे शब्द ज्या भाषेने केले त्या भाषेला रंगाची जात आणि रंगाचा जोर यांतला भेद पूर्वीपासूनच ठाऊक होता. आमच्या आज्या-मावश्या लुगडे घेताना चिंतामणी, अबोली, डाळिंबी, मोरपिशी, अंजिरी, कुसुंबी अशी नावे घेत. दुकानदारही त्याच शब्दांनी बोले. आज त्याच घरातले मूल शाळेत रंगांची आठ-दहा नावे पाठ करते आणि तेवढ्यावर त्याची रंगांची ओळख पुरी झाली असे आपण समजतो.

हा तीन अंगांचा भेद लक्षात ठेवला म्हणजे पुष्कळसा घोटाळा मिटतो. ‘निळा रंग शांत करतो, तांबडा उत्तेजित करतो’ असे वाक्य आपण शेकडो वेळा ऐकतो. १९९४ साली वाल्डेझ आणि मेहरेबियन या दोघांनी पुष्कळ रंगतुकडे लोकांना दाखवून त्यांच्या भावना नोंदविल्या, तेव्हा असे आढळले की, रंगाच्या जातीपेक्षा त्याचा उजळपणा आणि भडकपणा यांचाच भावनेवर अधिक परिणाम होतो. उजळ रंग सुखद वाटतात. भडक रंग मन जागे करतात. भडक निळा शांत नसतो आणि फिकट गुलाबी भडकवीत नाही. तेव्हा मुख्याध्यापकांनी ‘निळा द्या’ एवढेच रंगाऱ्याला सांगणे म्हणजे आचाऱ्याला ‘भाजी करा’ एवढेच सांगण्यासारखे आहे.

आवडीचा प्रश्न जुना आहे. १९४१ साली आयसेंक या मानसशास्त्रज्ञाने तोवर निरनिराळ्या ठिकाणी गोळा झालेली एकवीस हजारांवर मते एकत्र केली आणि लोकांच्या पसंतीचा क्रम लावला: निळा, तांबडा, हिरवा, जांभळा, नारिंगी, पिवळा. निळा पहिला आणि पिवळा शेवटचा. पुढील पाऊणशे वर्षांत हा क्रम मधूनमधून हलला, पण निळ्याचे पहिले स्थान बहुतेक ठिकाणी टिकले. असे का, याला २०१० साली पामर आणि श्लॉस यांनी कॅलिफोर्नियातून एक सरळ उत्तर दिले. आपल्याला रंग आवडतो तो त्या रंगाच्या वस्तू आवडतात म्हणून. स्वच्छ आकाश निळे, स्वच्छ पाणी निळे. निळ्या रंगाच्या वाईट वस्तू आठवून पाहा, फारशा आठवत नाहीत. उलट मळकट पिवळा, शेवाळी, तपकिरी या रंगांबरोबर सडके अन्न व घाण डोळ्यांपुढे येते. लोकांना आधी वस्तू किती आवडतात ते विचारले, आणि त्यावरून रंगांची आवड बरीचशी वर्तविता आली.

हे उत्तर आम्हांला पटते. त्यातून निघणारी गोष्ट मात्र त्याहून महत्त्वाची आहे. वस्तू जर गावोगावी निराळ्या, तर आवडही निराळी असावयास हवी. पाऊस लागल्यावर मुळशीच्या खोऱ्यात वाढलेल्या मुलाला हिरवा म्हणजे लावणीनंतरचे खाचर. मराठवाड्यातून कामासाठी आलेल्या कुटुंबातल्या मुलाला तोच हिरवा एखादे वेळी टँकरचा असेल. भोसरी-चाकणच्या कारखान्यात काम करणाऱ्याच्या मुलाने पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा अर्थ ‘जपून’ असा बापाकडून ऐकलेला असतो. बालवाडीच्या भिंतीवर तसेच पट्टे वाघाच्या अंगावर दिसले तर त्याच्या मनात काय येते हे आपण कधी विचारले आहे काय?

परंपरेकडे पाहिले तर हेच दिसते. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला एकेक रंग दिला आहे: शृंगाराला श्याम, हास्याला पांढरा, करुणाला पारव्यासारखा करडा, रौद्राला तांबडा, वीराला गौर, भयानकाला काळा, अद्भुताला पिवळा. आणि बीभत्साला? निळा. ज्या निळ्याला आज जगभर पहिला क्रमांक मिळतो तो आपल्या पूर्वजांच्या रंगभूमीवर किळसेचा रंग होता. काळा आपल्याकडे अशुभ. तोच संक्रांतीला हौसेने नेसावयाचा. नवरात्राच्या नऊ दिवसांचे नऊ रंग ही प्रथा तर एकविसाव्या शतकाच्या आरंभी वृत्तपत्रांनी रुजविली, आणि वीस वर्षांत ती पुरातन होऊन बसली. २०२० साली तीस देशांतील साडेचार हजारांवर लोकांना रंग व भावना यांच्या जोड्या लावावयास सांगितले, त्यात तांबडा व प्रेम, काळा व शोक अशा काही जोड्या देशोदेशी सारख्या निघाल्या. पण शेजारच्या व सारख्या भाषा बोलणाऱ्या लोकांच्या जोड्या परस्परांशी अधिक जुळल्या. म्हणजे काही रंगभाव माणसाचे म्हणून असतात, काही गावचे म्हणून असतात.

आता खरा प्रश्न. मुलाला निळा आवडतो म्हणून भिंत निळी करावी का? येथे आवड आणि उपयोग यांची फारकत होते. सदरा, सायकल, कंपासपेटी यांसाठी आवडणारा रंग भिंतीवर हवाच असे नाही. सदरा अंगात असला तरी आपल्याला दिसतो थोडा. भिंत मात्र आपल्याला चारही बाजूंनी वेढून बसते. २०१६ साली ऑस्ट्रेलियात सिडनी येथे विद्यापीठाच्या काही विद्यार्थ्यांना एका लहानशा अभ्यासिकेत बसवून तांबड्या, निळ्या व पिवळ्या रंगांच्या भडक व फिकट अशा सहा प्रकारांच्या सान्निध्यात वाचन करावयास दिले. निळ्यात त्यांना शांत वाटले, तांबड्या-पिवळ्यात नाडी थोडी जलद झाली. गंमत पुढेच आहे. त्यांना सुखद वाटले ते फिकट रंग, आणि वाचनाचे गुण अधिक पडले ते भडक रंगांत! प्रयोगातील विद्यार्थी थोडे, बसण्याचा वेळ थोडा. तेव्हा त्यावरून वर्ग भडक रंगवावेत असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. परंतु जे आवडते त्यातच काम उत्तम होते, हे गृहीत धरता येत नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

रंगाच्या जादूविषयी बोलताना एक इशारा देणे आम्हांला जरूर वाटते. १९७९ साली अमेरिकेत सिअ‍ॅटल येथील नौदलाच्या कैदखान्यातली एक खोली विशिष्ट गुलाबी रंगाने रंगविली आणि त्यामुळे कैदी निवळतात अशी बातमी पसरली. तेथील बेकर व मिलर या दोन अधिकाऱ्यांचे नाव त्या रंगाला मिळाले; ठिकठिकाणचे तुरुंग गुलाबी झाले. २०१५ साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तुरुंगातच काटेकोर तुलना करून पाहिली, तर गुलाबी कोठडी आणि पांढरी कोठडी यांत काही फरक आढळला नाही. तीच कथा परीक्षेच्या तांबड्या रंगाची. २००७ साली असे प्रसिद्ध झाले की, परीक्षेच्या आरंभी तांबडा रंग नजरेस पडला तरी गुण कमी होतात. पुढील पडताळण्यांत तो परिणाम फार क्षीण, जवळजवळ नाहीसा झाला. रंग विकणारांच्या पत्रकांत मात्र या दोन्ही गोष्टी अद्याप जिवंत आहेत. अमुक रंग दिल्याने बुद्धी वाढते असे कोणी सांगू लागल्यास त्याला नम्रपणे चहा पाजून परत पाठवावे.

याचे एक कारण प्रत्येकाला घरी पाहता येईल. पतंगाचा तांबडा कागद तळहाताएवढा कापून पांढऱ्या भिंतीवर लावा. अर्धा मिनिट डोळे न हलविता त्याकडे पाहा आणि मग नजर शेजारच्या कोऱ्या भिंतीवर न्या. तेथे हिरवट-निळसर चौकोन तरंगताना दिसेल. डोळा एका रंगाला लवकर सरावतो, कंटाळतो म्हणा, आणि त्याच्या उलट रंग स्वतःच निर्माण करतो. १९१४ साली सॅन फ्रान्सिस्कोचे शल्यवैद्य हॅरी शर्मन यांनी याच कारणाने शस्त्रक्रियेची खोली हिरवी केली: रक्ताकडे पाहून पाहून नजर पांढऱ्या चादरीवर गेली की डोळे दिपत. इस्पितळांतला तो हिरवा तेथपासूनचा. वर्गातही मूल दहा मिनिटांत भिंतीच्या रंगाला सरावते. महिन्याभरात ती भिंत त्याला दिसेनाशीच होते. ज्या रंगाने जूनमध्ये मुलांनी टाळ्या वाजविल्या तो श्रावणात त्यांच्या लेखी नसल्यासारखा होतो.

मग भिंतीचा काहीच परिणाम नाही का? आहे, पण तो रंगाच्या जादूने नव्हे, उजेडाने आणि गर्दीने होतो.

उजेडाचे पाहू. ताजा पांढरा चुना आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ऐंशी टक्के परत खोलीत पाठवितो. फिकट मलईचा रंग सत्तरच्या आसपास, फिकट आकाशी किंवा फिकट हिरवा पन्नास-साठ. विटकरी, गर्द निळा, गर्द हिरवा हे दहा-वीस टक्क्यांवर येतात. उरलेला प्रकाश ते गिळून टाकतात. एका बाजूस दोन खिडक्या, त्यांवर जाळी, जाळीवर धूळ, बाहेर सारखा पाऊस आणि वीज गेलेली, असा जुलैतला वर्ग डोळ्यांपुढे आणा. अशा वर्गाच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर कोणी गर्द निळे अंतराळ रंगविले तर त्या कोपऱ्यातल्या बाकावरच्या मुलाला वही दिसावयाची कशी? जुन्या शाळांत चुन्यात चिमूटभर नीळ घालीत, त्याने पांढऱ्याचा पिवळेपणा मरून तो अधिक शुभ्र दिसे. आणि जमिनीपासून कमरेपर्यंत गेरूचा किंवा पुढे ऑइलपेंटचा पट्टा देत. आम्ही लहानपणी त्या पट्ट्याला गबाळा समजत असू. आता कळते की, मुलांचे हात आणि पावसाळ्यातली ओल जेथे लागते तेवढाच भाग गडद ठेवून बाकीची सारी भिंत उजेडाच्या कामाला लावण्याची ती युक्ती होती. ती ज्याने काढली त्याने मानसशास्त्राचा प्रबंध वाचलेला नव्हता.

गर्दीचा मुद्दा अधिक नाजूक आहे, कारण त्यात कौतुकाला हात घालावा लागतो. २०१४ साली अमेरिकेत पिट्सबर्ग येथे अ‍ॅना फिशर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवर्गातल्या चोवीस मुलांना सहा लहान पाठ दिले. काही पाठ चित्रे, तक्ते व मुलांचे हस्तकाम यांनी भरगच्च भरलेल्या खोलीत, काही जवळजवळ कोऱ्या भिंतींच्या खोलीत. भरगच्च खोलीत मुलांचे लक्ष वेळेपैकी सुमारे एकोणचाळीस टक्के वेळ पाठाबाहेर होते, कोऱ्या खोलीत अठ्ठावीस टक्के. पाठावरील प्रश्नांची बरोबर उत्तरे भरगच्च खोलीत बेचाळीस टक्के, कोऱ्या खोलीत पंचावन्न टक्के. मुले वाईट नव्हती आणि चित्रेही वाईट नव्हती. लहान मुलाला जे दिसते तिकडून नजर काढून घेणे जमत नाही, एवढेच.

उलट अगदी कोरी भिंतही हिताची नाही. २०१५ साली इंग्लंडमध्ये सत्तावीस प्राथमिक शाळांतील एकशे त्रेपन्न वर्गखोल्या व ३,७६६ मुले यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलांच्या वर्षाच्या प्रगतीत जो कमीअधिकपणा दिसला त्यापैकी सुमारे सोळा टक्के वर्गखोलीच्या रचनेने उलगडला. त्यात पहिला मान उजेडाचा. हवा, उष्णमान, खोली आपली वाटणे, यांच्याबरोबर रंग आणि भिंतींवरची गर्दी यांचाही वाटा निघाला. फार कोरी आणि फार गजबजलेली, दोन्ही टोके वाईट ठरली. भिंती फिकट आणि त्यांत एखादीच ठसठशीत रंगाची, अशी खोली चांगली ठरली. ‘खोली आपली वाटणे’ या शब्दांकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. ज्या भिंतीवर आपण स्वतः काढलेले चित्र आहे ती भिंत मुलाला आपली वाटते. बाहेरच्या काकांनी शनिवारी काढलेला हत्ती कितीही सुबक असला तरी तो काकांचाच राहतो.

आपल्या देशात या दिशेने एक फार चांगला विचार झाला आहे, आणि तो नीट न समजता त्याची नक्कल झाली हे आमचे दुःख आहे. दिल्लीच्या विन्यास या संस्थेने युनिसेफच्या साहाय्याने राजस्थानातील शाळांत ‘बाला’ नावाची कल्पना मांडली. इमारत हेच शिकण्याचे साधन करावे, असा तिचा अर्थ. दार उघडते तेथे जमिनीवर कोनमापक रंगवावयाचे, म्हणजे दार किती अंशांतून फिरले हे मुलाला रोज दिसते. खिडकीच्या गजांना असे आकार द्यावयाचे की, बोट फिरवून लिहिण्याचे वळण यावे. छताच्या पंख्यावर रंगांचे पट्टे द्यावयाचे. पंखा फिरला की ते एकमेकांत मिसळतात, आणि न्यूटनने सांगितलेली गोष्ट डोक्यावर फिरत राहते. महाराष्ट्रात याची पडछाया ‘बोलक्या भिंती’ या नावाने पसरली. पण पुष्कळ ठिकाणी भिंती बोलू लागल्या त्या एकदम सगळ्या, आणि सगळ्या एकाच आवाजात: येथे बाराखडी, तेथे ग्रहमाला, खांबावर पाढे, तुळईवर म्हणी. बोलणारी भिंत गप्प बसावयाचीही शिकली पाहिजे. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांची अंगणवाडी चालविली तिला पुष्कळदा भिंतच नसे. पाने, बिया, शिंपले, खडे हेच साहित्य. आणि माँटेसरीबाईंच्या रंगपट्ट्यांची तिसरी पेटी पाहा: नऊ रंग, प्रत्येकाच्या फिक्यापासून गडदपर्यंत सात छटा, अशा त्रेसष्ट पट्ट्या. त्या काढावयाच्या, लावावयाच्या आणि काम झाले की पेटीत परत ठेवावयाच्या. तेथे रंग मुलाच्या हातात असतो, त्याच्या अंगावर धावून येत नाही.

आता ज्यासाठी हा विषय आम्ही मुळात घेतला ती गोष्ट सांगावयाची आहे, आणि ती सांगताना थोडा संकोच होतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका शाळेत चित्रकला शिकवीत होतो. निसर्गचित्राच्या तासाला एका मुलाने झाडाचे खोड हिरवे आणि पाने तपकिरी रंगविली. आम्ही ती वही वर्गाला उंच धरून दाखविली. वर्ग हसला. वहीवर आम्ही तांबड्या शाईने ‘लक्ष कोठे असते?’ असा शेरा दिला. पुढच्या तासापासून तो मुलगा फक्त पेन्सिलीने चित्रे काढू लागला, आणि आम्ही त्याला हट्टी ठरविले.

पंधरा-वीस वर्षांनी तो भोसरीच्या एका कारखान्याच्या दारात भेटला. नमस्कार केला. बोलता बोलता म्हणाला, “सर, रेल्वेच्या भरतीत सगळे पास झालो. मग ठिपक्यांचे पुस्तक दाखवले. त्यातले आकडे मला दिसेनात. तेव्हा कळले.” थोड्या वेळाने म्हणाला, “हिरव्या फळ्यावर तांबड्या खडूने लिहिलेले मला कधीच दिसत नसे. मला वाटायचे, सगळ्यांनाच तसे दिसते आणि बाकीची मुले हुशार आहेत म्हणून त्यांना वाचता येते.” त्या शाळेत महत्त्वाचे शब्द मुद्दाम तांबड्या खडूने लिहावयाचे असा आमचा सर्वांचा शिरस्ता होता.

तांबडा आणि हिरवा यांतला भेद न कळणे हा दोष जन्मजात असतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत तो सुमारे आठ टक्क्यांना असतो, आपल्याकडे त्याहून कमी. तरी मोठ्या शाळेत असे काही मुलगे असणारच. मुलींत तो क्वचित. तो आईकडून मुलाला येतो, आईला स्वतःला बहुधा सगळे रंग नीट दिसतात; म्हणून आजोबांचा दोष मुलीच्या मार्फत नातवात प्रकट होतो आणि घरात कोणाला त्याचा उलगडा होत नाही. १७९४ साली जॉन डाल्टन या रसायनशास्त्रज्ञाने स्वतःच्या डोळ्यांचेच वर्णन करून यावर निबंध वाचला. मरणोत्तर त्याचे डोळे जपून ठेवण्यात आले, आणि १९९५ साली त्यांतील गुणसूत्र तपासून दोष कोणता होता याची खात्री करून घेण्यात आली. तपासणीचे ठिपक्यांचे तक्ते जपानचे डॉ. इशिहारा यांनी १९१७ साली केले. एका मुलाला दोन मिनिटे पुरतात.

या औद्योगिक पट्ट्यात ही दोन मिनिटे फार मोलाची आहेत. येथली मुले आयटीआयला जातात, वायरमन होतात, रेल्वेच्या आणि सैन्याच्या भरतीला उभी राहतात. तांबडी, पिवळी, निळी या तीन फेजच्या तारा आणि हिरवी अर्थिंगची, ही खूण चुकली तर जिवाशी गाठ. ज्या मुलाला दहाव्या वर्षी हे कळले तो आपला मार्ग विचार करून निवडील. विसाव्या वर्षी भरतीच्या रांगेत कळले तर तो खचतो. कायद्याचे दरवाजे पूर्वीइतके बंद राहिलेले नाहीत. २०२० साली सौम्य व मध्यम दोष असणारांना वाहन चालविण्याचा परवाना मिळू लागला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अशा विद्यार्थ्यांना काही अभ्यासक्रमांत प्रवेश नसे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २०२२ साली न्यायालयाने ही मनाई काढून सर्व अभ्यासक्रम त्यांना खुले करावयास सांगितले. चित्रपटाचे संकलन करावयाला ज्या डोळ्यांची हरकत नाही, त्या डोळ्यांना आमच्या चित्रकलेच्या तासाला शेरा मिळाला होता.

तो आमचा विद्यार्थी आता पॅनेलच्या जोडणीचेच काम करतो. आम्ही चकित झालो, तेव्हा त्याने समजावून दिले की, त्याच्या खात्यात प्रत्येक तारेच्या टोकाला अक्षराची वा आकड्याची नळी बसवितात. तो रंग पाहतच नाही, अक्षर वाचतो.

हे शाळेतही करता येण्यासारखे आहे. फळ्यावर महत्त्वाचा शब्द पांढऱ्यानेच लिहून खाली रेघ ओढावी. रंगीत खडू हवाच तर पिवळा. नकाशात तांबडा व हिरवा प्रदेश शेजारी आले तर एकाला तिरप्या रेघा द्याव्यात. रंगखडूंच्या कांड्यांवर नाव छापलेले असते, ते कागद सोलू देऊ नयेत.

आणि भिंतींचे? या मे महिन्यात ज्यांच्या शाळेत शिड्या लागणार आहेत त्यांना एक प्रयोग सुचवितो. रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी तीन-चार मोठे हार्डबोर्ड निरनिराळ्या फिकट रंगांनी रंगवून वर्गात खिडकीसमोर आठ दिवस टांगून ठेवावेत. रंगाच्या कार्डावरचा बोटभर तुकडा आणि भिंतभर रंग यांत फार अंतर असते. भिंतीवर तो नेहमी अधिक जोरकस वाटतो. सकाळी, दुपारी, वीज नसताना, असे सर्व वेळी ते पाहू द्यावेत. मग मुलांकडून चिठ्ठ्या घ्याव्यात. हात वर करावयास सांगू नये. एकाने वर केला की सगळ्यांचे वर जातात, आणि मुली मुलग्यांच्या हातांकडे पाहतात. एक भिंत दरसाल मुलांच्या चित्रांसाठी मोकळी सोडावी व ती फळ्याच्या बाजूची नसावी, कारण फळ्याच्या भोवती जेवढे कमी तेवढे बरे. कंपनीची मंडळी शनिवारी आलीच, तर त्यांना व्हरांडा, जिना आणि कंपाउंडची भिंत द्यावी. तेथे हत्ती शोभतो. आणि मुलांनी चिठ्ठ्यांत पांढराच मागितला, तर उरलेल्या पैशात खिडक्यांच्या जाळ्या धुऊन घ्याव्यात व मागच्या बाकांवर दोन नळीदिवे बसवून घ्यावेत.